निरोगी हत्तीचे रक्त

डिसेंबर १९९३ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात एका आशियाई हत्तिणीला पिल्लू झाले आणि त्याचे नाव कुमारी ठेवण्यात आले. एप्रिल १९९५ मध्ये, अवघ्या सोळा महिन्यांची असताना, ही कुमारी एकाएकी आजारी पडली आणि पाहता पाहता दगावली. शवविच्छेदनात हृदयावर आणि इतर अवयवांवर ठिकठिकाणी रक्तस्राव झालेला दिसला, पण तो कशामुळे झाला हे उघड्या डोळ्यांना कळण्यासारखे नव्हते. लॉरा रिचमन या पॅथॉलॉजिस्टने ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशींच्या केंद्रकांत विषाणूच्या खुणा आढळल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो हर्पिस कुळातील असल्याचे दाखवले, परंतु माहितीतल्या कोणत्याही हर्पिस विषाणूशी तो जुळेना.

पुढचे काम प्राणिसंग्रहालयाच्या आवाक्यातले नव्हते. तेथे शवविच्छेदन करणारे कुशल हात होते, ऊती नीट जपून ठेवण्याची शिस्त होती, मात्र अनोळखी विषाणूची जनुकीय ओळख पटवण्याची विद्या जवळच्याच बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, गॅरी हेवर्ड यांच्यासारख्या हर्पिस विषाणूंच्या अभ्यासकांकडे होती. दोन्ही बाजूंनी मिळून काम केले आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हत्तींच्या या नव्या विषाणूची नोंद प्रसिद्ध झाली. आज त्याला ‘ईईएचव्ही’ (एलिफंट एंडोथेलियोट्रॉपिक हर्पिसव्हायरस) या आद्याक्षरांनी ओळखतात. नोंद झाल्यावर आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. पूर्वी निरनिराळ्या ठिकाणी ‘कारण अज्ञात’ म्हणून नोंदल्या गेलेल्या हत्तींच्या मृत्यूंचे जपून ठेवलेले ऊतींचे तुकडे पुन्हा बाहेर काढून तपासण्यात आले, आणि त्यांपैकी काहींमध्ये हाच विषाणू सापडला. म्हणजे रोग नवा नव्हता, त्याच्याकडे पाहण्याची नजर नवी होती, आणि त्या नजरेला पाहण्यासाठी काही शिल्लक राहिले ते कोणीतरी पूर्वी ते तुकडे फेकून दिले नाहीत म्हणून.

मी अनेक वर्षे नागपुरात माणसांच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले. हत्तींशी माझा व्यवसायाने काहीही संबंध नाही. तरीही या विषाणूची हकिगत वाचू लागल्यापासून मी तिच्यात गुंतून पडलो, कारण आमच्या कामात जे सूत्र रोज डोळ्यांसमोर असते तेच येथे फार मोठ्या प्रमाणावर दिसते. रुग्णाचा अहवाल हाती आला की अनुभवी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘जुना रिपोर्ट आहे का?’ आजचा आकडा एकटा फारसे बोलत नाही. तो याच माणसाच्या निरोगी दिवसांतील आकड्याशेजारी ठेवला म्हणजे बोलू लागतो. प्राणिसंग्रहालये आणि विद्यापीठे यांनी एकत्र येऊन प्राण्यांच्या रोगांवर जे चांगले काम केले आहे, त्याचे मर्म माझ्या मते हा जुना रिपोर्ट तयार करण्यात आहे.

आधी रोगाविषयी. ईईएचव्ही केशवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करतो. अस्तर फाटले की रक्त आणि द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपू लागतात, हृदयाभोवती साचतात, डोके आणि मान सुजते, जीभ निळी-जांभळी पडते. लक्षणे दिसू लागल्यापासून मृत्यूपर्यंत बऱ्याचदा एक ते तीन दिवसच जातात. बळी जातात ती प्रामुख्याने एक ते आठ वर्षे वयाची आशियाई पिल्ले. उपचार न झाल्यास बहुसंख्य मरतात, आणि उपचार झाले तरी निम्म्याहून अधिक वाचतीलच असे सांगता येत नाही. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा, पिल्लू एका वेळी एकच, पुढचे होण्याआधी काही वर्षांचे अंतर. त्यामुळे पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालयांत आशियाई हत्तींची संख्या टिकवण्याच्या वाटेवर या एका विषाणूने सर्वांत मोठा अडथळा उभा केला. विषाणूचे अनेक उपप्रकार आहेत, त्यांतील ‘१ ए’ आशियाई पिल्लांना सर्वाधिक घातक ठरतो.

संशोधकांना पेचात टाकणारी गोष्ट अशी की हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. एखादा विषाणू अभ्यासायचा असेल तर पेशींच्या संवर्धनात तो वाढवायचा, त्याच्यावर औषधे तपासायची, तो दुबळा करून त्याची लस करायची, हा नेहमीचा मार्ग असतो. ईईएचव्हीच्या बाबतीत तो मार्गच बंद आहे. त्याचा सुमारे १,८०,००० अक्षरांचा जीनोम २०१३ मध्ये वाचला गेला, तोही मृत पिल्लांच्या ऊतींतून मिळालेल्या डीएनएच्या आधारे. हा विषाणू अभ्यासण्याची जागा हत्तीचे शरीर हीच होय, आणि ज्या हत्तींच्या शरीरातून दर आठवड्याला, वर्षानुवर्षे, त्यांना न दुखवता नमुने घेता येतील असे हत्ती प्राणिसंग्रहालयांत किंवा हत्ती कॅम्पांतच असतात.

टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात हे सर्वांत चांगल्या रीतीने घडले. नोव्हेंबर २००८ मध्ये तेथील प्राणिसंग्रहालयात मॅक नावाचे दोन वर्षांचे पिल्लू या रोगाने गेले. ह्यूस्टनचे प्राणिसंग्रहालय हर्मन पार्कमध्ये आहे आणि त्याच्या लगतच टेक्सास मेडिकल सेंटर हा रुग्णालये व वैद्यकीय संस्थांचा विस्तीर्ण परिसर आहे. त्या परिसरातील बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन या संस्थेत पॉल लिंग हे विषाणुशास्त्रज्ञ माणसांमधील हर्पिस कुळातल्या विषाणूंवर, विशेषतः एपस्टाइन-बार विषाणूवर, काम करीत होते. २००९ मध्ये प्राणिसंग्रहालय आणि बेलर यांनी ईईएचव्हीवर एकत्र काम सुरू केले. बेलर ही पशुवैद्यकीय संस्था नव्हे, माणसांच्या वैद्यकाची संस्था आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. हत्तीच्या रोगासाठी हत्तीचाच तज्ज्ञ हवा असे नाही. त्या विषाणूच्या कुळाशी ज्याने आयुष्य घालवले आहे असा माणूस आणि हत्तीशी ज्याने आयुष्य घालवले आहे असा माणूस हे दोघे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असले, तर त्यातून काय निघू शकते याचा हा नमुना आहे. त्या प्राणिसंग्रहालयात २०१० मध्ये जन्मलेल्या पिल्लाचे नाव या संस्थेच्या सन्मानार्थ ‘बेलर’ असे ठेवण्यात आले.

सुरुवातीच्या कामांपैकी एक सोंडेच्या धुण्याचे होते. हत्तीच्या सोंडेत निर्जंतुक मिठाचे पाणी सोडायचे, त्याला सोंड वर उचलायला सांगायचे आणि मग त्याने ते पाणी स्वच्छ पिशवीत फुंकून द्यायचे. ही पद्धत मुळात हत्तींच्या क्षयरोगाच्या तपासणीसाठी रूढ झालेली होती आणि हत्तींना तिची शिकवण दिलेली होती. त्याच पाण्यात ईईएचव्हीचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी बेलरच्या प्रयोगशाळेने बसवली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले की ठणठणीत, कोणतेही लक्षण नसलेले प्रौढ हत्ती अधूनमधून सोंडेतून हा विषाणू बाहेर टाकत असतात. इतर हर्पिस विषाणूंप्रमाणे हाही एकदा शरीरात शिरला की आयुष्यभर दडून राहतो, आणि मधूनच, काही दिवसांपुरता, जागा होतो. पिल्लाला संसर्ग होतो तो बहुधा त्याच्या भोवतीच्या प्रेमळ कळपाकडूनच. एखाद्या आजारी जनावराला वेगळे ठेवून हा रोग टाळता येणार नाही, हे त्या एका निष्कर्षाने स्पष्ट झाले. आजारी हत्तीच तपासत राहिले असते, तर हे कधीही कळले नसते.

दुसरे काम रक्ताचे, आणि येथे मला माझ्या जुन्या टेबलाची आठवण येते. माणसाच्या रक्तपेशी मोजणारे यंत्र हत्तीच्या रक्ताला फसते. हत्तीच्या रक्तात मोनोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मुळातच भरपूर असतात आणि त्यांतील पुष्कळांचे केंद्रक दोन पाळ्यांचे असते. यंत्र त्यांना लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी समजून मोजते. म्हणून स्लाइड रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, पेशी डोळ्यांनी मोजाव्या लागतात. हे कंटाळवाणे काम आहे आणि ते दर आठवड्याला करावे लागते. पण ते इमानाने केले गेल्यामुळेच असे लक्षात आले की या रोगात बाहेरची लक्षणे दिसण्याआधीच मोनोसाइट आणि प्लेटलेट यांची संख्या घसरू लागते आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण चढू लागते. पिल्लू अजून खेळते आहे, दूध पिते आहे, आणि रक्त सांगते आहे की उद्या हे पडणार. रोग दोन-तीन दिवसांत मारणारा असल्यामुळे ही एका दिवसाची आगाऊ सूचना म्हणजे जगणे आणि मरणे यांच्यातले अंतर आहे. परंतु घसरण ओळखण्यासाठी त्याच पिल्लाचा नेहमीचा आकडा माहीत असावा लागतो. पुस्तकातील सरासरीवर येथे विसंबून राहता येत नाही, कारण एका पिल्लाचा निरोगी आकडा दुसऱ्याच्या आजारी आकड्याच्या जवळपास असू शकतो.

सूचना मिळाली की उपचार तातडीने सुरू होतात. १९९७ मध्ये मिझुरी राज्यातील स्प्रिंगफील्डच्या डिकर्सन पार्क प्राणिसंग्रहालयात चंद्रा नावाचे पिल्लू फॅमसायक्लोव्हिर हे माणसांच्या हर्पिसवरील औषध देऊन वाचले, तेव्हापासून ते सर्वत्र वापरले जाते. आजारी पिल्लू खात नसल्याने औषध गुदमार्गाने द्यावे लागते. विषाणू प्रयोगशाळेत वाढत नसल्यामुळे हे औषध त्याच्यावर नेमके किती चालते याबद्दल तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. त्याच्या जोडीला द्रव आणि प्रौढ हत्तींच्या रक्तातून वेगळा केलेला प्लाझ्मा दिला जातो. आईला, मावशीला शांतपणे कान पुढे करून रक्त देण्याची सवय आधीपासून लावलेली नसेल, तर हा प्लाझ्मा ऐनवेळी आणायचा कोठून? संशोधनाच्या निमित्ताने लागलेली सवय येथे थेट उपचाराच्या कामी येते.

पिल्लेच का मरतात, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र आणखी दहा वर्षे लागली. बेलरच्या गटाने आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील प्राणिसंग्रहालयांच्या मदतीने हत्तींच्या रक्तातील ईईएचव्हीविरुद्धची प्रतिपिंडे मोजली. त्यासाठी शीतकपाटांत साठवलेले जुने सीरम उपयोगी पडले. जवळजवळ सर्व प्रौढ हत्तींमध्ये ही प्रतिपिंडे होती. जी पिल्ले दगावली, त्यांच्या आजारापूर्वीच्या रक्तात मात्र ती नव्हती किंवा अत्यल्प होती. जन्मतः आईकडून मिळालेली प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात. त्यांचे कवच असतानाच विषाणूशी पहिली गाठ पडली तर पिल्लू बहुधा तरून जाते आणि स्वतःची प्रतिकारशक्ती कमावते, पण कवच उतरल्यावर पहिली गाठ पडली तर ती जिवावर बेतते. या निष्कर्षामागे असंख्य नळ्या आहेत, ज्यांवर कोणा रखवालदाराने हत्तीचे नाव आणि तारीख लिहिली आणि ज्या कोणीतरी शीतकपाटात रचून ठेवल्या, त्या वेळी त्यांचे पुढे काय होणार हे दोघांनाही ठाऊक नसताना.

येथून लसीकडे जाणारी वाट उघडली. पिल्लाला विषाणूच्या पहिल्या भेटीसाठी तयार ठेवायचे असेल, तर विषाणूऐवजी त्याची काही प्रथिने त्याच्या शरीराला ओळखीची करून द्यायची. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयाने या रोगात अनेक पिल्ले गमावली. ऑक्टोबर २०१८ मध्ये नंदिता आणि आयु ही दोन पिल्ले तेथे लागोपाठ गेली. हे प्राणिसंग्रहालय, सरे विद्यापीठ आणि ब्रिटनच्या पशु व वनस्पती आरोग्य विभागाची प्रयोगशाळा यांनी मिळून एक लस तयार केली. तिचा पाया एका निरुपद्रवी केलेल्या देवी-कुळातील विषाणूचा आहे, आणि त्या पायावरची लस हत्तींना गोदेवीविरुद्ध (काउपॉक्स) आधीपासून दिली जात असल्यामुळे ती सुरक्षित असल्याचा अनुभव गाठीशी होता. त्यात ईईएचव्हीच्या प्रथिनांची जनुके बसवली गेली. चेस्टरच्या प्रौढ हत्तींवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले: हत्तींना अपाय झाला नाही आणि विषाणूशी लढणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, जाग्या झाल्या. ह्यूस्टनमध्ये बेलरच्या संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. करोनाच्या काळात सर्वांच्या परिचयाच्या झालेल्या एमआरएनए तंत्राने त्यांनी लस बनवली आणि जून २०२४ मध्ये टेस या चाळीस वर्षांच्या हत्तिणीला तिची पहिली मात्रा देण्यात आली.

प्रौढांना लस देण्यावर कोणी आक्षेप घेईल, कारण धोका पिल्लांना आहे. पण ज्या जातीची पिल्ले इतकी मोलाची आहेत तिच्यात पहिला प्रयोग पिल्लांवर करणे योग्य झाले नसते. शिवाय लस खरोखर मृत्यू टाळते का, हे ठरवण्याचा सोपा मार्ग येथे उपलब्धच नाही. उंदरांवर करतात तसे लस देऊन मुद्दाम संसर्ग घडवून पाहणे हत्तींच्या बाबतीत अशक्य आहे आणि नैतिकदृष्ट्याही ते कोणी करणार नाही. म्हणून अनेक देशांतील अनेक प्राणिसंग्रहालयांना लस घेतलेल्या पिल्लांचे रक्त वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने तपासत राहावे लागेल, आणि नैसर्गिकरीत्या संसर्ग झाल्यावर कोणाचे काय होते हे नोंदवावे लागेल. एकट्या विद्यापीठाला हे जमणार नाही, एकट्या प्राणिसंग्रहालयालाही नाही.

हत्तींना बंदिवासात ठेवणे मुळात योग्य आहे का, हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. मला ते योग्य वाटत नाही, आणि रोगसंशोधन होते एवढ्यावरून ते योग्य ठरतेही नाही. विशाल रानात मैलोन्‌मैल फिरणाऱ्या प्राण्याला आपण काही एकरांत ठेवतो, हे सत्य कोणत्याही शोधनिबंधाने पुसले जात नाही. परंतु जे हत्ती आज बंदिवासात आहेत, त्यांपैकी बहुतेकांना रानात परत पाठवणे शक्य नाही. ते जर तेथेच राहणार असतील, तर त्यांच्या आयुष्यातून मिळणारे ज्ञान रानातल्या हत्तींपर्यंत पोहोचवणे हे आपले त्यांच्याप्रती असलेले ऋण आहे, असे मी मानतो. आणि या विषाणूच्या बाबतीत ते ज्ञान रानापर्यंत खरोखर पोहोचले आहे.

१९९९ मध्ये असा अंदाज मांडला गेला होता की आशियाई पिल्लांना मारणारा विषाणू मूळचा आफ्रिकी हत्तींचा असावा आणि प्राणिसंग्रहालयांत दोन्ही जाती एकत्र ठेवल्याने तो इकडून तिकडे गेला असावा. त्यामुळे हा ‘पिंजऱ्यातला रोग’ आहे अशी समजूत काही काळ रूढ झाली. ती समजूत खोडून काढण्यात भारताचा वाटा मोठा आहे. केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूतील वन्य व अनाथ पिल्लांच्या मृत्यूंचा अभ्यास भारतीय पशुवैद्यांनी जॉन्स हॉपकिन्सच्या त्याच प्रयोगशाळेच्या साहाय्याने केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये बावीस प्रकरणांचा आणखी विस्तृत अभ्यास आला. आपल्या रानातील, परदेशी हत्तीचा वाराही न लागलेली पिल्ले याच विषाणूने मरत होती, आणि त्यांच्यातील विषाणूचे वाण पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालयांतील वाणांइतकेच विविध होते. म्हणजे ‘१ ए’ हा आशियाई हत्तींचा स्वतःचा, पुरातन काळापासूनचा सोबती आहे. रानात मेलेले पिल्लू सापडेपर्यंत ते कुजलेले असते, म्हणून तो आपल्याला दिसला नव्हता, इतकेच.

तरीही दिसल्यानंतर आपण सज्ज झालो का? ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुली, चंदन, कमला आणि गौरी ही चार लहान हत्तीमुले एका महिन्याच्या आसपास या रोगाने गेली. त्यांच्याकडून सोंडेचे धुणे आणि रक्त नियमित घेतले जात असते आणि ते जवळच्याच प्रयोगशाळेत त्याच दिवशी तपासले जात असते तर पहिले नाही तरी तिसरे आणि चौथे पिल्लू वाचले असते का, हा प्रश्न मला अजून अस्वस्थ करतो.

हत्तींचा विषय सोडून क्षणभर १९९९ या सालाकडे पाहिले तर एक विलक्षण योग दिसतो. वॉशिंग्टनच्या त्याच राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात रंगीत विषारी बेडूक मरत होते. तेथील पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड निकोल्स आणि ॲलन पेसिअर यांना त्यांच्या त्वचेत एक अनोळखी सूक्ष्मजीव दिसला. मेन विद्यापीठातील जॉइस लाँगकोर या कायट्रिड गटाच्या बुरशींच्या जाणकार होत्या. हा गट इतका दुर्लक्षित होता की त्याचे जाणकार बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी ती बुरशी शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवली आणि १९९९ मध्ये तिघांनी मिळून तिचे नामकरण केले. जगभरातील जंगलांतून बेडूक नाहीसे का होत आहेत, या कोड्याची किल्ली तीच निघाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार या बुरशीमुळे किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आहे आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. त्याच १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात ट्रेसी मॅकनमारा यांनी कावळे आणि फ्लेमिंगो मरताना पाहिले. शहरात त्याच वेळी माणसांना झालेल्या मेंदूज्वराला अधिकृतपणे सेंट लुइस मेंदूज्वर असे नाव दिले गेले होते. पण तो रोग पक्ष्यांना मारत नाही, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी नमुने पुढे पाठवण्याचा आग्रह धरला. पुढे तो वेस्ट नाइल विषाणू असल्याचे सिद्ध झाले, आणि माणसांच्या नमुन्यांतून तो ओळखणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेचा समावेश होता. प्राण्यांचा आणि माणसांचा रोग वेगळ्या फायलींत ठेवण्याची सवय किती महागात पडू शकते, हे त्या वेळी कळून चुकले.

आता आपल्या राज्याकडे येतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, आणि जानेवारीत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या अहवालातून त्यांना एच५एन१ बर्ड फ्लू झाल्याचे समजले. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या कात्रज येथील प्राणिसंग्रहालयात सोळा चितळ लाळ्या-खुरकुताने गेले. दोन्ही वेळी निदान झाले, ते अचूक झाले, आणि त्याबद्दल संबंधित प्रयोगशाळांचे ऋण मानले पाहिजे. पण दोन्ही वेळी निदान मृत्यूनंतरचे होते. आपल्याकडील व्यवस्था मेलेल्या प्राण्याला प्रश्न विचारण्यासाठी उभी आहे.

वास्तविक आपल्याकडे काय नाही? नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्यातच आहे, म्हणजे ह्यूस्टनला लाभलेली जवळीक आपल्यालाही लाभलेली आहे. मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे आणि भायखळ्याची राणीची बाग तेथून हाकेच्या अंतरावर आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे, आणि २०१८ मध्ये गीरच्या सिंहांचे बळी घेणाऱ्या कॅनाइन डिस्टेंपर विषाणूचे निदान व अभ्यास करण्यात तिचा मोठा वाटा होता. शेजारच्या हैदराबादेत पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राची वन्यजीवांसाठीची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, आणि २०२१ मध्ये नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना करोना झाल्याचे तिनेच शोधून काढले.

उणीव सातत्याची आहे, असे मला दिसते. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी दोन वर्षे एखाद्या प्राण्याचे नमुने घेतो, प्रबंध बांधून होतो, विद्यार्थी नोकरीला लागतो आणि नळ्यांवरील तारखा तेथेच थांबतात. पुढचा विद्यार्थी नवा विषय घेतो, कारण जुन्याच मोजमापाला नवा शोध म्हणता येत नाही. ज्या मोजमापाला कोणी शोध म्हणत नाही, तेच मोजमाप पंधरा वर्षांनी शोधाचा आधार होते. त्यासाठी प्रबंध पुरेसा नाही; कायमची तंत्रज्ञाची जागा, विजेचा खंड पडला तरी चालणारे शीतकपाट, आणि नमुना कोणाच्या मालकीचा, तपासणीचा खर्च कोणाचा, निष्कर्ष किती दिवसांत प्राणिसंग्रहालयाला कळवायचे, हे सांगणारा दोन्ही संस्थांमधील लेखी करार लागतो. रखवालदारालाही संशोधनाचा भाग मानावे लागते. सोंडेतील पाणी पिशवीत फुंकायला हत्तीला शिकवणारा माणूस त्या शोधनिबंधाचा सहलेखक नसला, तरी त्याच्यावाचून तो निबंध लिहिला जात नाही.

महाराष्ट्रात हे काम सुरू करण्यासाठी मला एक जागा फार योग्य वाटते, ती म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरचा वनविभागाचा हत्ती कॅम्प. तेथील हत्तींना माहूत रोज हाताळतात, आणि तेथे पिल्लेही जन्मली आहेत. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेला रानटी हत्तींचा कळपही याच जिल्ह्यात वावरतो आहे, म्हणजे कॅम्पमधील हत्तींविषयी जे कळेल त्याचा उपयोग रानातल्या पिल्लांसाठीही होईल. दर पंधरवड्याला प्रत्येक हत्तीच्या सोंडेचे धुणे, पिल्लांचे थोडे रक्त, आणि त्या रक्ताची डोळ्यांनी मोजलेली स्लाइड, एवढ्यापासून आरंभ करता येईल. कमलापूरहून नागपूर एका दिवसाच्या प्रवासात येते, आणि बर्फाच्या डब्यात नीट ठेवलेला रक्ताचा नमुना तेवढा वेळ पीसीआरसाठी सहज टिकतो.